शिडाचं ठिगळ

आर्द्रता चौऱ्याऐंशी टक्के.
वहीत आकडा लिहिते, सही करते,
आणि जनू पुन्हा बंदराकडची खिडकी उघडतो:
"वारो येवंदे गो बाय, चित्राक पण घाम येता."

वेंगुर्ल्याच्या जुन्या जकात-कचेरीत
तीन खोल्यांचं संग्रहालय.
तिसरीत मी, एक दिवा, बांबूच्या काड्या,
कापसाचे बोळे,
आणि टेबलावर पालथं पडलेलं एक बंदर.
तैलरंग, चार फूट बाय अडीच, चित्रकार अज्ञात.

पालथं, कारण चित्र आधी पाठीकडून वाचायचं असतं.
पाठीवर बुरशीची नक्षी, एक गंजका चूक,
झुरळाची रिकामी अंडी,
आणि कोपऱ्यात वीतभर ठिगळ:
शिडाचं कापड, राळेत बुडवून बसवलेलं,
कडेने कापूस ठासलेला,
होडीच्या फटी बुजवतात तसा.
हे कुठल्या संस्थेत शिकवत नाहीत.

सुलटं केलं. खोली अंधारी केली.
जांभळ्या दिव्याखाली जुनं वार्निश हिरवट उजळलं,
सगळं बंदर शेवाळात बुडाल्यासारखं,
फक्त तो कोपरा काळा.
नंतरच्या हाताचा रंग असाच पकडला जातो.

फाइलीत एक जुना फोटो होता.
त्या कोपऱ्यात तेव्हा साहेब उभा होता,
छत्री धरून, पायाशी कुत्रा.
वाळवीने आधी साहेब खाल्ला, मग छत्री,
मग तोंडाकडून कुत्रा.
शेपूट तेवढं उरलं.

ज्याने कोणी दुरुस्त केलं
त्याला फोटो कोणी दाखवला नसणार.
बंदरावर रोज जी दिसते ती त्याने बसवली,
वाळूत, पाठमोरी, पाटी पुढ्यात घेऊन,
आणि कुत्र्याच्या शेपटीचं
पाटीबाहेर आलेलं सुरमईचं शेपूट केलं.

मी दिवा लावला आणि एकटीच हसत बसले.

मुख्यालयाचं पत्र आलं होतं:
मूळ नसलेला भाग काढून टाकावा.

टोकाएवढा नमुना घेतला, भिंगाखाली धरला.
निळ्याखाली चुना,
चुन्याखाली शीड,
शिडाखाली काही नाही.
साहेब कुठेच नाही.

मळ काढायला सगळ्यात सौम्य द्रावण म्हणजे थुंकी.
पुस्तकात तिला भारदस्त नाव आहे,
पण बोळा शेवटी जिभेवरच ओला करायचा,
फिरवायचा, टाकायचा, दुसरा घ्यायचा.
जनू दारात थबकला. "उष्टां?"
"तुझी आई पदराचं टोक ओलं करून
तुझं तोंड पुसायची की नाही?"
तो जवळ आला. बाईच्या पाठीवरून
तपकिरी धूर उतरत होता,
चोळी आधी मातकट, मग तांबडी.

"ह्यां माझ्या आज्याचां काम," तो म्हणाला.
"भिवा केळुसकर. होड्यो रंगवी."
"आणि ही?"
"बापूस म्हणी, आजी आमची.
पण पाठमोरी आसा. कोण सांगतलो?"
आणि खिडकी लावायला गेला,
या वेळी न सांगता.

मुख्यालयाला लिहिलं:
मूळ भाग वाळवीच्या पोटात आहे.
काढण्याजोगं काही आढळलं नाही.

आता आभाळातल्या तीन भेगा राहिल्यात.
एका केसाच्या ब्रशने बारीक उभ्या रेघा भरते,
लांबून आभाळ दिसावं,
जवळून माझी लबाडी.
रंग मुद्दाम कच्चा वापरते.
उद्या कोणाला नको वाटला
तर एक ओला बोळा पुरेल.

भिवाचा मात्र असा निघायचा नाही.
त्याने तो होडीसाठी घोटला होता.